घरच्यांचे फोटो फ्लॅशमध्ये पांढरेफटक आणि खिडकीपाशी काळे येतात? काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

गौरी जेवणाच्या दिवशी आमच्याकडे दर वर्षी तोच फोटो यायचा. पुढे बसलेल्या आत्याचा चेहरा पिठासारखा पांढरा, नथीचे मोती कुठले आणि गाल कुठला ते कळेना, मागची गौरींची आरास जिच्यासाठी आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत सगळे जागले ती काळोखात गायब, आणि कोपऱ्यात आजीचे डोळे मिटलेले. मग कोणीतरी म्हणायचं अरे फ्लॅश बंद कर, तो बंद करून सगळ्यांना खिडकीपुढे उभं करायचं, तर चेहरे काळे आणि बाहेरची समोरची बिल्डिंग एकदम स्वच्छ. पुण्यात पेठेतला जुना वाडा, कोथरूडचा फ्लॅट, हडपसरला बहिणीचं घर, कुठेही गेलं तरी हाच प्रॉब्लेम, आणि तो मी इतक्या वेळा सोडवलाय की आता नुसता फोटो बघून कुठे चुकलंय ते सांगता येतं. दर सणाला कोणीतरी फोन करून हेच विचारतं, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतोय. फुकटातले उपाय आधी, खर्चाचे नंतर, आणि कशाला हात लावायचा नाही ते शेवटी.

एक गोष्ट आधीच सांगतो. दहापैकी आठ वेळा कॅमेरा बिघडलेला नसतो, माणूस आणि उजेड यांच्या जागा चुकलेल्या असतात. त्यामुळे आधी माणसं हलवायची, मग सेटिंगला हात लावायचा, आणि पैसे सगळ्यात शेवटी.

लक्षणं

यातलं तुमचं कुठलं ते बघा.

पुढचा माणूस पांढराफटक, मागचं सगळं काळामिट्ट.
ग्रुप फोटोत पुढची रांग जळलेली आणि मागची रांग अंधारात.
खिडकी किंवा दार मागे असलं की चेहरा काळा.
डोळ्यात लाल ठिपके, चष्म्यावर पांढरा डाग, कपाळावर तेलकट चकाकी.
चेहरा निळसर आणि मागची भिंत पिवळी, किंवा अर्धा चेहरा एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्या.
फोटोवर आडवे पट्टे. हे मोबाईलवर जास्त.
सगळ्या फोटोवर दुधाळ धुकं, किंवा हवेत तरंगणारे पांढरे गोल.
एकाच माणसाचे डोळे दर फोटोत मिटलेले.
फ्लॅश पडतच नाही, किंवा एकदा पडतो आणि मग पाच-सात सेकंद काही नाही.

आधी लेन्स पुसा

हसू नका, खरंच आधी हेच करा. मोबाईल दिवसभर हातात असतो, बोटाचं तेल लेन्सवर बसतं, आणि सणाच्या दिवशी तर पुरणपोळीचं तूपही. त्या थरावर उजेड पसरतो आणि दुधाळ धुकं दिसतं. स्वच्छ मऊ सुती कापड घ्या, चष्मा पुसायचं असेल तर उत्तम, आणि लेन्सबरोबर फ्लॅशची छोटी काचही पुसा.

मग मोबाईलचं कव्हर काढून एक फोटो काढून बघा. जाड कव्हरची कड किंवा कॅमेऱ्यावर चिकटवलेली जादाची काच फ्लॅशचा उजेड आतल्या आत लेन्सकडे परतवते. चुलत भावाने या धुक्यासाठी मोबाईल बदलायची तयारी केली होती, मी ती वरची चिकटवलेली काच काढली आणि दोन मिनिटांत काम झालं.

हवेत तरंगणाऱ्या पांढऱ्या गोलांचंही इथेच सांगतो. ते लेन्सच्या अगदी जवळून जाणारे धुळीचे कण, पावसाचे थेंब किंवा धूप-उदबत्तीचा धूर असतो, फ्लॅश त्यावर आपटून परत येतो आणि जवळ असल्यामुळे ते फोकसमध्ये नसतात म्हणून गोल दिसतात. आरती चालू असताना फ्लॅश बंद ठेवला की गोल जातात.

कॅमेरा असेल तर अजून एक. फोटोच्या खालच्या बाजूला अर्धचंद्रासारखी काळी सावली येत असेल तर लेन्सचं हूड काढा, पॉप-अप फ्लॅशचा, म्हणजे कॅमेऱ्यातूनच वर उघडणाऱ्या फ्लॅशचा उजेड त्याला अडतो. मोठी झूम लेन्स असेल तर हूड नसतानाही असं होतं, मग थोडं मागे जाऊन झूम करायचं.

फ्लॅश ऑटोवरून काढा

ऑटोवर ठेवलं की फ्लॅश कधी पडणार हे मोबाईल ठरवतो आणि तो फक्त उजेड कमी आहे का एवढंच बघतो. स्टेजवरच्या भाचीचा डान्स वीस फुटांवर असला तरी फ्लॅश पाडतो, आणि उन्हात चेहऱ्यावर सावली असते तेव्हा पाडत नाही, खरं म्हणजे गरज नेमकी तिथे असते. म्हणून तो बंद ठेवायचा आणि हवा तेव्हा स्वतः चालू करायचा.

मोबाईलचा फ्लॅश म्हणजे छोटा एलईडी दिवा. कॅमेऱ्याच्या झेनॉन फ्लॅशसारखा तो सेकंदाच्या हजाराव्या भागात चमकून विझत नाही, म्हणून पळणारं मूल त्यात गोठत नाही, हललेलंच येतं. आणि पाच-सहा फुटांच्या पुढे त्याचा फारसा उपयोग नाही. स्टेजवरचा फोटो काढताना फ्लॅशने पुढच्या खुर्च्यांमधल्या लोकांची डोकी तेवढी उजळतात.

माणसं हलवा

इथे सगळ्यात जास्त फरक पडतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. म्हणजे तीन फुटांवर जेवढा उजेड पडतो त्याच्या पाव सहा फुटांवर, आणि नऊ फुटांवर नववा हिस्सा. आता आत्या तीन फुटांवर आणि आरास नऊ फुटांवर असेल तर आरास नऊपट अंधारात असणार, कॅमेरा कितीही महागाचा आणा. उपाय सोपा आहे, आत्याला आराशीजवळ न्या आणि तुम्ही मागे सरका. ग्रुपचंही तेच. पुढची रांग चार फुटांवर आणि मागची आठ फुटांवर असेल तर मागच्यांना पाव उजेड. तुम्ही चार फूट मागे गेलात की पुढची आठ आणि मागची बारा, आता मागच्यांना जवळजवळ निम्मा मिळतो. दोघांत तेवढंच अंतर, पण फोटो बघण्यासारखा. सोसायटीच्या हॉलमध्ये मागे जायला जागा असते आणि तरीही सगळे पुढे येऊन काढतात.

पण मागे जायलाही मर्यादा आहे. साध्या डीएसएलआरच्या पॉप-अप फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा, मीटरमध्ये साधारण ८ ते १३ असतो. त्याला लेन्सच्या एफच्या आकड्याने भागलं की फ्लॅश कुठवर पोहोचतो ते कळतं. १२ धरला तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) १०० ला एफ/४ वर १२ भागिले ४, म्हणजे ३ मीटर. आयएसओ ४०० केला की ६ मीटर. म्हणून हॉलमध्ये फ्लॅश पुरत नाही असं वाटलं की आधी आयएसओ वाढवून बघा, नवीन फ्लॅश घ्यायची घाई नको.

माणूस भिंतीला टेकून उभा असेल तर मागे काळी कडक सावली पडते. तीन-चार फूट पुढे घ्या, सावली खाली घसरते आणि फ्रेमच्या बाहेर जाते.

आता खिडकी. चेहरा काळा येतो कारण खिडकी मागे असते आणि कॅमेरा बाहेरच्या उजेडाला धरून एक्सपोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते ठरवतो. उलट करा, तुम्ही खिडकीच्या बाजूला जा आणि माणसाला खिडकीपासून दोन-तीन फुटांवर बसवा, तोंड थोडं तिरकं. बाल्कनीची स्लायडिंग पूर्ण उघडा, मच्छरजाळी बाजूला करा, ती चांगलाच उजेड खाते. पडदा जाड असेल तर सरकवा, पण थेट ऊन आत येत असेल तर पांढरा पंचा किंवा पातळ पांढरी साडी लावा, उजेड मऊ होतो. खोलीतली ट्यूब बंद करा, का ते पुढे सांगतो. चेहऱ्याची दुसरी बाजू जास्त काळी वाटली तर तिकडे पांढरी चादर घेऊन कोणालातरी उभं करा, नाहीतर अप्पा बळवंत चौकातून मोठी पांढरी कार्डशीट आणून ठेवा, तिच्यावर माझी कितीतरी बारशी निघाली आहेत. फ्लॅटमध्ये पांढऱ्या टाइल्स असतील तर जमीनच खालून उजेड देते, जुन्या घरातल्या काळसर शहाबादी फरशीवर ते होत नाही, तिथे पायाशी पांढरी चादर अंथरायची.

कुठली खिडकी हाही प्रश्न येतो. उत्तरेच्या खिडकीत वर्षातले बरेच महिने दुपारचं थेट ऊन येत नाही, उजेड एकसारखा राहतो, फोटोला ती सगळ्यात चांगली. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो, पण छज्जा असेल तर तेही आत येत नाही. डिसेंबरात उलट, दुपारी सूर्य दक्षिणेला साधारण ४८ अंशांवर, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट सोफ्यापर्यंत येतं. तेव्हा पंचा लावा नाहीतर माणूस उन्हाच्या पट्ट्याच्या जरा बाहेर बसवा.

आणि ज्यांच्याकडे अजून वाडा उभा आहे त्यांनी चौक सोडू नका. वरून मोकळं आकाश, चारी बाजूंच्या भिंतींवरून परतणारा उजेड, आणि ओसरीच्या कडेला माणूस चौकाकडे तोंड करून बसला की चेहऱ्यावर एकही कडक सावली नाही. आजीचा आमच्या भिंतीवरचा फोटो असाच, सकाळी दहाच्या सुमारास ओसरीवर काढलेला, फ्लॅश नाही की काही नाही. जंगली महाराज रोडवरच्या पाताळेश्वर लेण्यातही हेच जमतं, दगडी मंडपाच्या कडेला आतल्या बाजूने उभं राहायचं आणि तोंड बाहेर.

बाहेर उन्हात दुपारी बारा ते तीन शक्यतो काढूच नका, डोळ्यांच्या खाली काळे खड्डे पडतात, आणि मेच्या मध्यावर तर आपल्याकडे सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. काढायचाच असेल तर बिल्डिंगच्या सावलीत किंवा पार्किंगच्या कडेला, बाहेर तोंड करून. झाडाखाली बघून उभं करा, एम्प्रेस गार्डनला झाडाखाली काढलेल्या साखरपुड्याच्या फोटोत वहिनीच्या गालावर उन्हाचे ठिपके आले आणि ते मागाहून काही केल्या निघाले नाहीत. पानांतून येणारं ऊन नको, एकसंध सावली हवी.

चेहऱ्यावर टच करा

मोबाईलवर चेहऱ्याला बोट लावलं की फोकस आणि उजेड दोन्ही चेहऱ्याप्रमाणे ठरतं. शेजारी सूर्याचं चिन्ह येतं ते वर-खाली सरकवा. कॅमेऱ्यात यालाच एक्सपोजर कंपेन्सेशन म्हणतात, प्लस-मायनसचं बटण. खिडकी मागे ठेवायचीच असेल तर प्लस १ ने सुरुवात करा.

कॅमेऱ्याला रंग-बिंग काही कळत नाही, समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी येईल असं तो मोजतो. त्यामुळे पांढरं धोतर आणि पांढरी टोपी घातलेल्या आजोबांनी फ्रेम भरली की फोटो मळकट येतो, तिथे प्लस. काळी चंद्रकळा नेसलेली आई फ्रेमभर असेल तर चेहरा जळतो, तिथे मायनस. संक्रांतीला हळदीकुंकवाचे फोटो जळतात त्याचं कारण हेच.

रंग आणि पट्टे

आता ट्यूब का बंद करायची ते. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा मोठा तितका उजेड निळा. पिवळा बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्विन, फ्लॅश साधारण ५५०० आणि एलईडी बल्बच्या खोक्यावर कूल डेलाइट लिहिलेलं असतं तो ६५००. खिडकीचा उजेड सावलीतला असेल तर अजून निळा. डोळा हे सगळं सांभाळून घेतो, कॅमेरा एका वेळी एकच रंग पांढरा धरू शकतो. फॉल्स सीलिंगमधले पिवळे लाइट चालू आणि वर फ्लॅश, म्हणजे एकतर चेहरा निळसर नाहीतर भिंती हळद लावल्यासारख्या. एडिटिंगमध्ये एक सुधारायला गेलं की दुसरं बिघडतं. म्हणून खोलीत एकाच जातीचा उजेड ठेवा, बटण बंद करायला पैसे लागत नाहीत. गणपतीच्या रंगीत माळाही चेहऱ्यापासून लांब हव्यात, मागे आरास म्हणून छान दिसतात पण गालावर पडल्या की हिरवा-जांभळा गाल.

पट्ट्यांचं कारण वेगळं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकवाल्या ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर, म्हणजे फोटोसाठी उजेड आत घ्यायचा वेळ, फार फास्ट असेल तर ते चढ-उतार पट्टे म्हणून दिसतात. प्रो मोडमध्ये शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, आणि सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर असेल तर ५० हर्ट्झ निवडा.

कॅमेऱ्यावर मात्र फ्लॅश लावल्यावर फोटोची एक बाजू काळ्या पट्टीने झाकली गेली तर शटर सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणाऱ्या सगळ्यात फास्ट शटरच्या वर गेलंय. बहुतेक कॅमेऱ्यांत ती मर्यादा १/२०० किंवा १/२५० असते. खाली आणा, संपलं.

फ्लॅश आणि खोलीचा उजेड एकत्र

लोक विचारतात फ्लॅश चांगला की नैसर्गिक उजेड. दोन्ही लागतात, मिसळता आले पाहिजेत. ऑटोमध्ये कॅमेरा फ्लॅश असला की शटर साधारण १/६० च्या खाली जाऊ देत नाही, त्यात खोलीचा उजेड पोहोचायच्या आत शटर बंद होतं, म्हणून मागे अंधार. स्लो सिंक, म्हणजे फ्लॅश असतानाही शटर हळू ठेवणारं सेटिंग निवडा, किंवा मॅन्युअलमध्ये शटर १/३०, एफ/४, आयएसओ ८०० आणि फ्लॅश चालू. आरास, समया, मागे वाढणाऱ्या मावश्या सगळं दिसायला लागतं. शटर हळू असलं तरी माणूस फ्लॅशमुळे बऱ्यापैकी गोठतो, फक्त त्याला स्थिर राहायला सांगा.

मग फ्लॅशची ताकद कमी करा. त्याला वेगळं प्लस-मायनस असतं, फ्लॅश कंपेन्सेशन, तिथे मायनस १. घरातल्या फोटोंना मी हे कायमचंच ठेवलंय. पैठणीची जर आणि नथ यांच्यावर थेट फ्लॅश पडला की जर पांढरी दिसते, सोन्याचा रंगच जातो, मायनस १ ला तो परत येतो.

उन्हात चेहऱ्याची सावली भरायला फ्लॅश लावला आणि काहीच फरक पडला नाही, तर बिघाड नाहीये. कडक उन्हात आयएसओ १०० ला १/२०० आणि एफ/११ च्या आसपास एक्सपोजर येतं, गाइड नंबर १२ ला ११ ने भागा, जेमतेम १ मीटर. सावली नुसती हलकी करायची असेल तर दीड मीटरपर्यंत चालतं. सिंहगडावर दहा फुटांवरून पॉप-अप फ्लॅश टाकून काही मिळणार नाही, जवळ या.

औक्षणाला मात्र फ्लॅश नकोच. निरांजनाचा उजेड ओवाळणीच्या ताटातून वर येतो आणि बहिणीच्या हनुवटीवर, भावाच्या कपाळावरच्या कुंकवावर पडतो, त्या फोटोत बघायचं तेच असतं, फ्लॅशने ते सगळं धुऊन जातं. ट्यूब बंद करून एखादा पिवळा दिवा लांब चालू ठेवा, आयएसओ १६०० ते ३२००, शटर १/६०, आणि ५० एमएम एफ/१.८ लेन्स असेल तर ती. माझ्या मते घरचे फोटो काढणाऱ्याने फ्लॅशच्या आधी पैसे घालावेत ते या लेन्सवर. मोबाईलवर नाइट मोड, कोपर भिंतीला टेकवा आणि दोघांना सांगा दोन सेकंद हलू नका, ताट तेवढं थांबवा.

लाल डोळे, चष्मा आणि आजीचे मिटलेले डोळे

अंधारात बाहुली मोठी होते, फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असतो, उजेड आत जातो आणि डोळ्याच्या मागच्या पडद्याजवळच्या रक्तवाहिन्यांवरून लाल होऊन सरळ लेन्समध्ये परत येतो. म्हणून आधी खोलीतले दिवे लावा म्हणजे बाहुली लहान होईल, आणि माणसाला लेन्सकडे न बघता तुमच्या कानाकडे बघायला सांगा. रेड-आय रिडक्शनचं सेटिंग मी वापरत नाही, त्यात फोटो पडायला वेळ लागतो आणि तेवढ्यात लहान मूल उठून जातं.

चष्म्याला हनुवटी जराशी खाली किंवा चेहरा थोडा तिरका. उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, कोन बदलला की डाग दुसरीकडे जातो.

आजीचं कारण सापडायला मला बरीच वर्षं लागली. आम्ही म्हणायचो आजीला सवयच आहे. पण कॅमेरा खऱ्या फ्लॅशच्या आधी मोजमापासाठी एक बारीक फ्लॅश टाकतो, तो इतका पटकन येतो की आपल्याला वेगळा जाणवत नाही, पण काही लोकांची पापणी त्यालाच मिटते आणि खरा फोटो मिटलेल्या पापणीचा निघतो. फ्लॅश मॅन्युअलवर टाकला की तो बारीक फ्लॅश पडत नाही. किंवा कॅमेऱ्यात फ्लॅश लॉकचं बटण असतं, ते दाबलं की मोजमाप आधीच होतं, आजी एकदा डोळे मिटते, उघडते, आणि मग आपण फोटो काढायचा. रिअर कर्टन, म्हणजे शटर बंद होता होता फ्लॅश पाडणारं सेटिंग चालू असेल तर ते बंद करा, हळू शटरला दोन फ्लॅशमधलं अंतर त्याने वाढतं. त्या वर्षीच्या दिवाळीत आजीचे सगळ्याच्या सगळ्या फोटोत डोळे उघडे होते आणि तिने ते शेजारी नेऊन दाखवले.

आता पैसे

वरचं सगळं करून झालं तरच. वेगळा फ्लॅश घ्या ज्याचं डोकं वर वळतं, आणि तो चेहऱ्यावर न टाकता छतावर टाका. उजेडाचा स्रोत माणसाच्या मानाने जितका मोठा तितकी सावली मऊ, आणि छत म्हणजे केवढा मोठा दिवा. फ्लॅटचं पांढरं छत नऊ-दहा फुटांवर असतं, अगदी योग्य. उजेड बराच खर्च होतो, आयएसओ ४०० ते ८०० ठेवा. हे वाड्याच्या माडीवर चालत नाही, सागवानी तुळया उजेड पिऊन टाकतात, आणि मंगल कार्यालयाचं छत फार उंच असतं. पिस्ता रंगाच्या भिंतीवर बाउन्स केलात तर माणसं पिस्ता रंगाची येतात.

पॉप-अप फ्लॅशवर टिश्यू पेपर लावायचा सल्ला सगळे देतात. त्याने उजेड कमी होतो, चकाकी जरा घटते, पण दिवा तेवढाच छोटा राहतो, त्यामुळे सावली मऊ होईल ही अपेक्षा नको.

फ्लॅश उशिरा पडत असेल तर आधी सेल बदला. चारही एकदम बदला, जुने-नवे मिसळू नका. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल साध्या अल्कलाइनपेक्षा फ्लॅश लवकर भरतात. कार्यक्रम संपला की सेल काढून ठेवा, आत गळले की कॉन्टॅक्ट खातात. एकामागोमाग खूप फोटो काढल्यावर फ्लॅश गप्प झाला तर तो तापलाय, दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. तरीही नाही पडला तर काढून परत पूर्ण आत सरकवा, रिंग घट्ट करा आणि खालचे छोटे पिन कोरड्या सुती कापडाने पुसा. आपल्या पावसाळ्यात त्यांच्यावर थर बसतो.

इथे थांबा

फ्लॅश हातातून जमिनीवर आपटला, जळका वास आला, बारीक शिट्टी वाजते पण फ्लॅश येत नाही, किंवा सेल फुगलाय, तर स्क्रूड्रायव्हर ठेवून द्या. आतल्या कपॅसिटरमध्ये साधारण ३०० व्होल्ट असतात आणि सेल काढल्यावरही ते काही काळ तसेच राहतात. युट्यूब बघून उघडायची वस्तू नाही ही. कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याकडे द्या, आणि दुरुस्तीचा खर्च नव्या फ्लॅशच्या निम्म्याच्या वर सांगितला तर नवीन घ्या.

बाबांच्या कपाटातला रोलच्या जमान्यातला फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर लावून बघायचा मोह होतो. नका लावू. त्या काळच्या काही फ्लॅशचा ट्रिगर व्होल्टेज, म्हणजे फ्लॅश लावल्यावर कॅमेऱ्याच्या कॉन्टॅक्टवर येणारा व्होल्टेज, इतका जास्त असतो की कॅमेऱ्याचं सर्किट जातं. आधी जाणकाराकडून मोजून घ्या.

लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी आहे, बाहेरून पुसून जात नाही. तीही दुरुस्तीवाल्याकडेच.

लग्नाच्या मुहूर्ताचे फोटो घरच्याने काढायला घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. अंतरपाट दूर होतो तो क्षण दोन-तीन सेकंदांचा, अक्षता उडत असतात, वर हॅलोजन, समोर व्हिडिओवाल्याचा लाइट, आणि परत घ्या म्हणता येत नाही. त्याला दोन कॅमेरे आणि दोन फ्लॅश घेऊन उभा राहणारा माणूस लागतो. तुम्ही घाणा भरताना, हळदीला, पंगतीत काढा, ते फोटो घरच्यालाच चांगले जमतात.

आणि शेवटचं, फोटोग्राफीचं नाही पण फ्लॅशच्या फोटोतच दिसणारं. लहान मुलाच्या फोटोत एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरा किंवा पिवळसर ठिपका आला, किंवा दोन्ही डोळ्यांत पांढरा आला, तर ते फोटोतली चूक समजून एडिट करू नका. पुष्कळदा फ्लॅश विशिष्ट कोनातून गेल्यानेही असं दिसतं, पण लहान मुलांचा मोतीबिंदू असू शकतो, आणि रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सरही असू शकतो, जो बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये होतो आणि लवकर कळला तर त्यावर चांगले उपचार होतात. घरी दहा वेळा फ्लॅश टाकून खात्री करत बसू नका. डोळ्यांच्या डॉक्टरकडे त्याच आठवड्यात न्या, ते थेंब घालून बाहुली मोठी करून आत बघतात. जाताना तो मूळ फोटो मोबाईलमध्ये तसाच ठेवून न्या आणि डॉक्टरांना दाखवा.